दोन हजार एकशे बारा पोचपावत्या

काम एका ओळीचं होतं. मुलुंडच्या भजन स्पर्धेच्या आयोजकांना ई-मेलने 'आम्ही येत आहोत' एवढं कळवायचं होतं. सोबत मंडळाचं नाव, बुवांचं नाव आणि किती जणी येणार तो आकडा. दुसरा कुणी असता तर चहा निवायच्या आत हे उरकून पेपर वाचायला बसला असता. पण काम आलं बोरिवलीच्या जयवंत धुरींकडे, आणि धुरींनी बत्तीस वर्षं एका सरकारी खात्याचा आवक-जावक विभाग सांभाळला होता.

ज्यांनी सरकारी कचेरी फक्त खिडकीच्या बाहेरून पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगायला हवं. आत येणाऱ्या कागदाला आवक क्रमांक पडतो, बाहेर जाणाऱ्याला जावक क्रमांक पडतो, आणि आलेल्या प्रत्येक कागदाची पोच द्यायची असते. कागदावर पुढे काही होतं की नाही हा दुसऱ्या विभागाचा प्रश्न. धुरींच्या हातून बत्तीस वर्षांत एकही कागद बिनापोच राहिला नाही, आणि ही गोष्ट ते लग्नात ओळख करून देतानासुद्धा सांगत.

निवृत्तीनंतर धुरींनी विभाग घरी आणला. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलावर बाराएक वर्षांचा संगणक, संगणकावर पत्नीने विणलेलं क्रोशाचं झाकण, आणि शेजारी लाल कापडी बांधणीच्या दोन नोंदवह्या. लाइट बिल आलं की त्यावर शिक्का. लग्नपत्रिका आली की पाठवणाऱ्याला पोस्टकार्ड. मोबाइल त्यांच्याकडे होता, पण त्यावर लिहिलेल्या मजकुराला ते पत्र मानत नसत. ई-मेल आली तर ती संगणकावर उघडायची, नोंदवहीत हाताने चढवायची आणि मग पोच द्यायची. दोन महिन्यांपूर्वी त्यांना असा शोध लागला की मेलच्या प्रोग्राममध्ये एक सोय आहे. एकदा मजकूर लिहून ठेवला की येणाऱ्या प्रत्येक मेलला संगणक आपणहून उत्तर पाठवतो. धुरींनी दोन दिवस खपून मसुदा केला: 'आपले पत्र मिळाले. ते योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर करण्यात येत आहे. कळावे.' खाली स्कॅन केलेली सही आणि स्वतः बनवून घेतलेला गोल शिक्का. सादर कुणाला करणार, घरात तुमच्याशिवाय कोण आहे, असं सुलक्षणाबाईंनी एकदा विचारलं होतं. नमुना तसाच असतो, असं धुरींनी त्यांना सांगितलं.

सुलक्षणाबाई म्हणजे धुरींच्या पत्नी, आणि ही सगळी धावपळ त्यांच्यासाठी होती. श्री रवळनाथ महिला भजन मंडळात त्या अकरा वर्षं मागच्या रांगेत बसून टाळ वाजवत होत्या. यंदा जुन्या बुवा मुलाकडे नाशिकला राहायला गेल्या आणि मंडळाने सुलक्षणाबाईंना पुढे बसवलं. भजनात मुख्य गाणाऱ्याला बुवा म्हणतात, बाई असली तरी बुवाच. एकोणसाठाव्या वर्षी बुवा झालेल्या सुलक्षणाबाई चार महिने रोज दुपारी स्वयंपाकघरात पेटी घेऊन बसत होत्या. पलीकडे भिंतीला लागून धुरींचं टेबल. कुकरच्या शिट्टीसारखा तो आवाजही त्यांच्या कानावर येत होता, पण दोन्ही कागदावर नसल्यामुळे नोंद झाली नव्हती. स्पर्धेचा नियम मात्र कागदावर होता. बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत होकार आला नाही तर नाव कमी करून प्रतीक्षा यादीतल्या मंडळाला घेतलं जाईल.

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास आयोजकांची मेल आली. संगणकाने तात्काळ पोच दिली. धुरींनी मेल वाचली, नोंदवहीत चढवली आणि होकार सावकाश, नीट मसुदा करून उद्या पाठवू, असं ठरवून ते भाजी आणायला गेले.

रविवारी सकाळी क्रोशाचं झाकण काढून पाहतात तो आयोजकांच्या सहाशे चौदा मेल येऊन पडलेल्या. प्रत्येकीत तोच मजकूर: 'आपला ई-मेल मिळाला. आभारी आहोत. कृपया पोच द्यावी.' एका सामान्य भजनी मंडळाबद्दल कुणाला इतकी आस्था असावी हे पाहून धुरींना भरून आलं. पोचेची किंमत कळणारी माणसं अजून मुलुंडमध्ये आहेत, असं ते सुलक्षणाबाईंना मुद्दाम आत जाऊन सांगून आले. मग पेन घेऊन बसले आणि एकेक मेल आवक नोंदवहीत चढवू लागले. बारा वाजेपर्यंत एकशे चाळीस झाल्या. तेवढ्या वेळात दीडेकशे नव्या आल्या.

आता इथे कुणीही विचारेल की या मेल राहू द्या बाजूला, आधी होकार पाठवून मोकळं व्हायला काय हरकत होती. सुलक्षणाबाईंनी हेच विचारलं. पण होकाराचं पत्र जावक क्रमांकाशिवाय कसं जाणार? क्रमांक द्यायचा तर त्याआधी किती पत्रं गेली ते मोजायला हवं. संगणक दर दीडएक मिनिटाला एक पोच पाठवत होता आणि प्रत्येक पोच हे एक जावक पत्र होतं. धुरी मोजायला बसले की आकडा सातशे ऐंशी असायचा आणि मोजून नोंदवहीत लिहीपर्यंत तो चुकलेला असायचा. रविवारचा अख्खा दिवस असा गेला. धुरींच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा कामाचा ढीग कमी व्हायच्या ऐवजी वाढत होता, आणि हे त्यांना मनातून फार लागलं.

सोमवारी सकाळी मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ शांताबाई आल्या. त्या मालवणच्या बाजूच्या, आणि मुंबईत पन्नास वर्षं काढूनही बोलणं गावचंच. दारातून टेबलाकडे बघत त्यांनी विचारलं, "गे सुलक्षणा, तुझो घोव कालपासून थयच बसलो हा?" सुलक्षणाबाई उठून नवऱ्याच्या टेबलाशी गेल्या. त्यांनी धुरींकडे एक कोरा कागद आणि कार्बन पेपर मागितला. घरात कुणी कार्बन मागण्याची ही पहिलीच वेळ. धुरींनी खूश होऊन ड्रॉवरमधून दोन नवे कार्बन काढून दिले, निळी बाजू खाली ठेवायची हेही सांगितलं आणि पुन्हा एक हजार सातशेव्या मेलकडे वळले. सुलक्षणाबाई जेवण झाकून ठेवून शांताबाईंबरोबर बाहेर गेल्या. कुठे ते धुरींनी विचारलं नाही.

संध्याकाळी धुरींना तोड सुचली. कचेरीत क्रमांक अडला की त्याला 'अ' जोडत. त्यांनी अंदाजाने दोन हजार तीनशेचा आकडा धरला, पुढे 'अ' लावला आणि होकाराचं पत्र पाठवलं. मिनिटभरात ते परत आलं. सोबत इंग्रजीत चार ओळी होत्या की पत्र पोहोचवता येत नाही, पेटी भरली आहे. खाली सही नाही, हुद्दा नाही. धुरींनी त्या अनाम अधिकाऱ्याला खरमरीत पत्र लिहून नाव आणि पदनाम कळवण्याची विनंती केली. तेही परत आलं. संगणकाने दोन्ही वेळा त्या अधिकाऱ्याला पोच दिली.

मंगळवारी तळमजल्यावरचे श्यामसुंदर वर आले. त्यांचं पूर्वी मालाडला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि यंत्राचं कुठलंही दुखणं धुळीनेच होतं असा त्यांचा सिद्धांत होता. मेल परत येते याचा अर्थ रस्त्यात धूळ आहे. धुरी नको नको म्हणत असताना त्यांनी वायर ओढली, डबा जमिनीवर आडवा केला आणि स्क्रू काढले. आत बारा दसऱ्यांचं हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या होत्या. शिवाय धुरींचा निवृत्तीच्या वेळी हरवलेला पासपोर्ट आकाराचा फोटोही सापडला, जो त्यांनी जपून ठेवायचा म्हणून समोरच्या फटीत सरकवला होता. या फोटोवाचून त्यांचं पेन्शन तीन महिने अडलं होतं. श्यामसुंदरांनी सायकलच्या पंपाने हवा मारली, एक हिरवी पट्टी काढून खोडरबराने घासली आणि परत बसवली. या भानगडीत रुपयाएवढी एक गोल बॅटरी निसटून लोखंडी कपाटाखाली गेली. ती नसली तरी चालतं, असं श्यामसुंदर म्हणाले.

संगणक चालू झाला, हे कबूल केलं पाहिजे. फक्त बॅटरी नसल्यामुळे त्यावर तारीख आली एक जानेवारी दोन हजार दोन. त्या तारखेला मेलचा प्रोग्राम उघडेना, आणि उघडला असता तरी धुरी लिहिणार नव्हते. तारीख कोण बघतो, असं श्यामसुंदर म्हणाले तेव्हा धुरींचा चेहरा उतरला. मागील तारखेचं पत्र काढल्याबद्दल त्यांच्या विभागातला एक कारकून निलंबित झाला होता, आणि ती हकिगत त्यांनी श्यामसुंदरांना सुरुवातीपासून सांगितली. श्यामसुंदर पंप घेऊन खाली गेले.

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरची माधुरी ऑफिसातून परतताना सुलक्षणाबाईंना जिन्यात भेटली आणि त्या तिला घरी घेऊन आल्या. ती मालाडच्या एका कंपनीत संगणकाचंच काम करते. खांद्यावरची बॅग न उतरवता ती खुर्चीत बसली, तारीख दुरुस्त केली, मेल उघडली आणि यादी तळापर्यंत सरकवत नेली. मग तिने खुर्ची धुरींकडे वळवली.

"काका, शनिवारपासून तुमचं मशीन त्यांना पोच देतंय, आणि त्यांच्याकडेपण तशीच सोय लावलेली आहे, म्हणून ते तुमच्या पोचेची पोच देतायत. दोन हजार एकशे बारा वेळा. मध्ये माणूस कुणीच नाही."

"पण दोघांनी नियमाप्रमाणेच केलं ना?" धुरींनी विचारलं.

"हो काका. म्हणूनच तर वाट लागली."

तिने ती सोय बंद केली. मग हळूच सांगितलं की प्रत्येक पोचेबरोबर सही-शिक्क्याचं चित्रही जात होतं, त्यामुळे आयोजकांची मेलपेटी गच्च भरली आहे. त्यांनी ती रिकामी करेपर्यंत तिथे कुणाचीच मेल पोहोचणार नाही. कुणाचीच म्हणजे बाकीच्या मंडळांचीही का, असं धुरींनी विचारलं आणि माधुरीने मान हलवली. फोन लावून पाहिला तर सतत गुंतलेला. ती गेली तेव्हा सुलक्षणाबाई दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. धुरींना मान वर करवेना. आपल्या हातून हिची अकरा वर्षं वाया जाणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. तसं ते चाचरत बोललेही. सुलक्षणाबाई म्हणाल्या, "आधी जेवून घ्या." याला धुरी दुःख समजले आणि त्यांना जेवण गेलं नाही.

बुधवारी सकाळी विलंबाची कारणं देणारा अर्ज चार प्रतींत घेऊन ते मुलुंडच्या बसमध्ये बसले. आरेच्या कडेकडेने जाताना एरवी ते झाडं बघत, आज अर्जातला तिसरा परिच्छेद बघत होते. 'यांत्रिक कारणास्तव' लिहावं की 'अनवधानाने' लिहावं हे पवईपर्यंत ठरेना. शेवटी त्यांनी दोन्ही खोडून 'माझ्या चुकीमुळे' असं लिहिलं. असा शब्दप्रयोग त्यांनी सरकारी नमुन्यात कधी वाचला नव्हता.

आयोजकांची कचेरी एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होती आणि जिन्यापर्यंत रांग लागली होती. घाटकोपर, विक्रोळी, मालाड, सांताक्रूझ, कुठून कुठून मंडळांचे लोक हातात कागद घेऊन उभे. सगळ्यांच्या मेल परत गेल्या होत्या. धुरी मुकाट्याने शेवटी उभे राहिले. त्यांच्यापुढचे घाटकोपरचे श्यामकांत नावाचे गृहस्थ मागे वळून सांगू लागले की बोरिवलीचा कुणी माथेफिरू आहे, त्याने हजारो मेल टाकून सगळ्यांना कामधंदा सोडून इथे यायला लावलंय. असल्या माणसाच्या हातात संगणक दिलाच कुणी, असं त्यांनी विचारलं.

"खरंय," धुरी म्हणाले.

आत टेबलामागे नाना बसले होते. स्पर्धेचे कार्यवाह, सत्तरीचे, कपाळावर चष्मा. त्यांच्याही संगणकावर क्रोशाचं झाकण होतं आणि तो बंद होता. पुढे लाल कापडी बांधणीची नोंदवही. ती पाहून धुरींना एकदम आपल्या माणसात आल्यासारखं वाटलं आणि लगेच त्याहून जास्त लाज वाटली. नानांनी नाव विचारलं. धुरींनी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, तरी मागच्या रांगेतलं बोलणं थांबलं.

नानांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "ते योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर करण्यात येत आहे. ते तुम्ही?"

"होय."

"खातं कुठलं?"

धुरींनी खातं सांगितलं. नानाही त्याच विभागातले निघाले, फक्त खातं वेगळं. पोचेची सोय स्पर्धेच्या संगणकावर त्यांनीच लावून घेतली होती आणि ही गोष्ट ते सकाळपासून रांगेला सांगत नव्हते. मग धुरींनी अर्ज पुढे केला. नानांनी तो बसल्या जागी वाचला, 'माझ्या चुकीमुळे' या शब्दांवर थोडं थांबले आणि म्हणाले की मसुदा उत्तम आहे, पण याची गरज नाही. त्यांनी नोंदवही धुरींकडे फिरवली.

यंदाच्या स्पर्धेची आवक क्रमांक एकची नोंद होती श्री रवळनाथ महिला भजन मंडळ, बोरिवली. सोमवार, दुपारी बारा वाजून वीस मिनिटं. सौ. सुलक्षणा धुरी, समक्ष.

"बाई म्हणाल्या, आमच्या घरून मेल निघालीय, पण ती कधी पोचेल सांगता येत नाही, म्हणून हाताने आणलं," नाना म्हणाले. "दुसऱ्या प्रतीवर पोच मागून घेतली त्यांनी. इतक्या वर्षांत आमच्याकडे पोच मागून घेणाऱ्या त्या पहिल्याच."

धुरी घरी आले तेव्हा सुलक्षणाबाई जमिनीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. ते चपला न काढताच समोर उभे राहिले. सोमवारीच दिलंस तर मला सांगितलं का नाहीस, असं त्यांना रागाने विचारायचं होतं, पण राग आलाच नाही.

"कार्बन मागितला तेव्हा विचाराल असं वाटलं," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "मग काल सांगणार होते, पण तुमचा चेहरा असा झाला होता की म्हटलं, एकदा जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघून येऊ देत. माझ्या तोंडी सांगण्यावर तुम्ही कुठे विश्वास ठेवता." त्यांनी उठून तूरडाळीच्या डब्यामागून निळ्या अक्षरांची प्रत काढली. तिच्यावर सही, तारीख, वेळ आणि गोल शिक्का होता. "घ्या, तुमच्या वहीत चढवा. चौतीस वर्षं झाली लग्नाला, एवढं शिकले मी."

धुरींनी ती प्रत घेतली. ती नोंदवहीत चढवायला हवी होती, पण त्यांनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

पुढच्या रविवारी स्पर्धा झाली. धुरी तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले. गेल्याबरोबर त्यांनी सवयीने घड्याळ पाहिलं आणि पत्रिकेवर सुरुवातीची वेळ लिहिली. सुलक्षणाबाई पुढे पेटीवर बसल्या, मागे शांताबाईंनी टाळ सावरले, पखवाजाने ठेका धरला. पहिला सूर लागला आणि धुरींना कळेना की हा आवाज कुणाचा. भिंतीपलीकडून चार महिने रोज येत होता तोच, आणि तरी आपण तो कधी ऐकला नाही, हे त्यांच्या ध्यानात यायला अर्धा अभंग जावा लागला. मग त्यांना इतकं वाईट वाटलं आणि त्याच वेळी इतका अभिमान वाटला की गजर संपून टाळ्या झाल्या तरी ते तसेच बसून राहिले. संपल्याची वेळ लिहायची राहून गेली. मंडळाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिला नंबर घाटकोपरच्या श्यामकांतांच्या मंडळाने नेला.

परतीच्या बसमध्ये शांताबाई आणि बाकीच्या जणी मागे मोठमोठ्याने परीक्षकांची हजेरी घेत होत्या. सुलक्षणाबाई खिडकीशी बसल्या होत्या. आपलं कसं झालं, हे त्यांनी नवऱ्याला विचारलं नाही. विचारायची सवयच नव्हती. धुरींनी खिशातून ती निळी प्रत काढली, उलटी केली, गुडघ्यावर ठेवली आणि बस सिग्नलला थांबली तेव्हा पेन काढलं. लिहून झाल्यावर खाली सही केली, तारीख घातली आणि कागद सुलक्षणाबाईंच्या हातात दिला.

'गाणे ऐकले. फार आवडले. पोच देण्यास विलंब झाला, क्षमस्व.'

सुलक्षणाबाईंनी ते दोनदा वाचलं. मग घडी घातली आणि पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावली.

"जावक क्रमांक राहिला," त्या म्हणाल्या.

"याला नको," धुरी म्हणाले.